सहा पूर्णांक दोन

मिझे बिंती शामाते आली ती स्वतःसाठी नव्हे,
सासूच्या डोळ्यात फूल पडलं होतं म्हणून.
वेतेच्या दवाखान्यात बाकावर बसली,
भिंतीला डोकं टेकून,
गुडघ्यापर्यंत वाळलेल्या खाऱ्या चिखलाचे मोजे.
मी सासूची पापणी खाली ओढून पाहिली,
मग सहज तिचीही.
आत लाली हवी होती.
होता शिंपल्याच्या आतल्या बाजूचा रंग.

बोट टोचलं. थेंब कागदावर पसरला
चहाच्या डागासारखा,
तोही दुसऱ्यांदा उकळलेल्या पत्तीच्या.
सहा पूर्णांक दोन.
ती म्हणाली, मला काही झालेलं नाही,
जरा दमते, एवढंच.

जरा दमते.
ओहोटीचे तीन तास कमरेत वाकून
समुद्रशेवाळाच्या दोऱ्या सोडते, पुन्हा बांधते,
ओलं पोतं डोक्यावर घेऊन किनारा चढते,
वाटेत दोनदा थांबते,
आणि कुणी पाहिलंच तर
कांगाची गाठ नीट करत उभी राहते.

छातीला नळी लावली.
दोन ठोक्यांच्या मधे वारा घुमत होता.
झडपा शाबूत आहेत,
पातळ रक्त घाईने निसटतं, त्याचा तो आवाज.
माल निम्मा, तर खेपा दुप्पट,
एवढा एकच हिशेब त्या स्नायूला येतो.
सव्वीस वर्षांची बाई,
आणि आत बंदरावरच्या जुन्या हमालासारखं
रुंदावत चाललेलं काळीज.

पाहुणे जास्त नि भात कमी असला
की रांधणारी आधी स्वतःचं ताट बाजूला सारते,
तसं अंगात चाललंय.
कातडीचा वाटा आधी कापला, म्हणून हात गार.
मग नखांचा. ती मधोमध खोलगट झालीत,
थेंब ठेवला तर राहील इतकी.
जीभ गुळगुळीत. केस फणीत.
मूत्रपिंडं हाडांच्या मज्जेला निरोपावर निरोप धाडतात,
पेशी पाठव, अजून पाठव,
आणि मज्जा पाठवतेही,
बारक्या, फिकट, अर्धवट रंगलेल्या.
लोखंडच नाही हाताशी, ती तरी काय करणार.
मेंदूला मात्र उपाशी ठेवायचं नाही, असा घरचा नियम;
तरी उठताना डोळ्यांपुढे काजवे येतातच,
आणि परवा धाकट्याचं नाव चटकन आठवलं नाही,
हे ती हसत सांगते.

कांगाच्या टोकाला एक छोटी गाठ होती.
यात काय? म्हणून विचारलं तर लाजली.
मातीचे खडे, भाजलेले, बाजारातले.
वास आला की राहवत नाही, म्हणाली.
शरीराला लोखंड हवं आहे,
पण त्याचं नाव त्याला माहीत नाही,
म्हणून ते मातीकडे बोट दाखवतं.
आणि माती पोटात जाऊन
होतं नव्हतं तेही धरून बसते.

साठ गोळ्या दिल्या. जंतांची एक, वेगळी.
महिन्याने आली ती पावडरीचा डबा घेऊन.
आत चोपन्न गोळ्या, मोजून.
शौचाला काळं झालं, ती खाली बघत म्हणाली,
वाटलं, उरलंसुरलं रक्तही चाललं.
गोळीने तसं होतं, घाबरू नकोस,
हे एक वाक्य मी सांगायला विसरले होते.
नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

पुन्हा सुरुवात. या वेळी संत्र्यासोबत, चहानंतर नको,
आणि काळं दिसेल, दिसू दे.

कार्तिकेच्या, म्हणजे लवंगांच्या, तोडणीत भेटली,
रस्त्यावरच, चटईवर कळ्या पसरताना.
आठ पूर्णांक नऊ होते गेल्या खेपेला;
अजून कितीतरी कमी, मी तिला बजावलं.
हो हो, म्हणाली,
पण काल किनाऱ्यावरून येताना एकदाच थांबले,
आणि तेव्हा खरंच गाठ सुटली होती.