मटका कुठी ठेवाचा

नोटीस मीच लावली होती, हजेरीच्या मशीनवर.
दोन ओळी, खाली माझी सही:
एक जूनपासून कार्यालय मिहानमध्ये.
सर्वांनी नोंद घ्यावी.

सर्वांनी घेतली. म्हणजे
त्या दिवशी सदरच्या आमच्या दोन मजल्यांवर
कूलरखेरीज कुणी बोललं नाही.
हेडाऊ बाईंनी डबा भिंतीकडे तोंड करून खाल्ला.
निमजेंनी कपाट उघडलं, बंद केलं, उघडलं.
दुपारपर्यंत खाली तर्रीपोह्याच्या ठेल्यावर
निकाल लागला होता:
कंपनी विकली, बुडाली, पुण्याला चालली.

मग नोटीस काढली मी.
चिकटपट्टीसोबत भिंतीचा पोपडाही आला.
नव्या जागेचा नकाशा मोठा करून आणला
सीताबर्डीहून, साठ रुपयांत,
आणि मोठ्या टेबलावर पसरला.
म्हटलं, लिहा. पेन्सिलीनं. वाटेल ते.

पहिला दिवस कोराच गेला.
दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
इथे ऊन किती वाजता येतं?
मग कुणी: कामठीवाल्यांनी काय कराचं?
खापरीपर्यंत मेट्रो, पुढे काय, पाय?
पौनीकरनं बाण काढला: बायकांच्या खोलीला कडी आतून हवी.
हेडाऊ बाई: सहाची सुट्टी साडेपाचला करा.
निमजेंनी नुसता एक चौकोन काढला,
कपाटाएवढा, पट्टीनं.

रोज चार वाजता उभा राहून मी उत्तरं द्यायचो.
बस, एकच फेरी, मिळाली.
कडी, झाली.
साडेपाच, विचारतो.
तिसऱ्या 'विचारतो'ला हेडाऊ बाई हसल्या,
तेव्हा मुंबईला फोन लावला आणि 'नाही' घेऊन आलो.
'नाही' चाललं त्यांना.
'विचारतो' चालत नव्हतं.

लांजेवार मात्र नकाशाजवळ फिरकला नाही.
कूलरच्या ताट्या भिजवायचा, पाणी भरायचा,
कागदावर थेंब पडू नये म्हणून वळसा घालायचा.
शनिवारी, सगळे गेल्यावर, म्हणाला,
"सायेब, तिकडं मटका कुठी ठेवाचा?"

तिकडे पाण्याचं मशीन आहे.
मशीनसोबत एजन्सीची माणसं, निळ्या शर्टातली.
तो कागद एप्रिलपासून माझ्या ड्रॉवरमध्ये.
नकाशात खुर्च्या एकतीस. आम्ही बत्तीस.
त्यानं मोजल्या होत्या,
वळसा घालता घालता.

'वि'साठी दात ओठाला लागलेच होते माझे.
तसाच थांबलो. ड्रॉवर उघडला,
कागद त्याच्या हातात दिला.
त्यानं वाचला, ओळीखाली बोट सरकवत.
मग पेन्सिल मागितली,
आणि दाराजवळ, नकाशात जिथे शोभेची कुंडी आहे,
तिथे एक स्टूल काढलं.
शेजारी एक गोल.

सोमवारी सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही विचारलं नाही.
निमजेंनी पट्टी आणली, आपला चौकोन खोडला,
दोन बोटं आत सरकवला.

मी मुंबईचा नंबर लावला.
नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद करायला सांगितले.
लांजेवारनंच केले, एकेक करून.
मे महिना, पंचेचाळीस डिग्री,
आणि कुणी जागचं हललं नाही.