शंभर मिलीचं माप

काचेचं आहे. खाली निमुळतं, वर पसरट,
ओठाला एक टवका.
लॉरीसाहेब दुकान विकून गेले तेव्हा
खुर्ची नेली, घड्याळ नेलं, हे ठेवून गेले.
अंगावर मुकुटाचा शिक्का,
म्हणजे या मापात पाप नाही
याची हमी कुण्या मेलेल्या राजाने घेतलेली.

कॉलेजात शिकवलं होतं:
द्रव काचेला धरून कडांनी वर चढतो,
मधे खोलगट राहतो. वाचायचा तो खोलगट तळ.
तेही वरून नाही.
भांडं सपाट जागी ठेवायचं
आणि आपण वाकायचं.

ग्रीनॉकमध्ये मी दिवसाला तेवीस वेळा वाकते.
नऊला शटर वर,
क्लाइडवरचा वारा आत,
वाऱ्यामागून ते.
हिरवं औषध, वाळ्याच्या सरबतासारखं.
ज्यांच्या नसा आधीच दुसऱ्या कशाला गहाण पडल्यात
त्यांना रोज, माझ्या डोळ्यांदेखत, एका प्लास्टिकच्या पेल्यात.
प्यायल्यावर बोलायला लावायचं, असा नियम.
बोललं म्हणजे गिळलं.
काहीजण गालात धरून बाहेर नेतात, विकतात.

म्हणून माझ्याकडे माणसांची एकेक वाक्यं साठलीत.
फर्गस मॅकइनेसची सगळ्यांत जास्त.
गोदीत वेल्डर होता. गोदी बंद झाली,
मग पाठ, मग पाठीच्या गोळ्या, मग बाकीचं.
"आज पाऊस आडवा आहे, हेन."
हेन म्हणजे कोंबडी. इथे मायेने म्हणतात.
पहिल्यांदा राग आला होता.
पुढे एकदा तो चुकून मॅडम म्हणाला
तर दिवसभर काहीतरी राहिल्यासारखं वाटलं.
"मुलीला मुलगा झाला. फोटो नाही पाठवला अजून."
"तुझ्या मापाला टवका, माझ्या दातालाही."

सत्तर मिली. पासष्ट. साठ.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात,
आम्ही दोघं साचलेलं तळं उपसत होतो,
पंधरवड्याला पाच मिली.
पस्तिसावर आलो तेव्हा तो पेल्यात डोकावून म्हणाला,
"गाळ दिसायला लागला."

मुलगी तान्ही असताना मी असंच बोंडलं धरायची,
थोडं सोडून थांबायची,
घशाकडे बघत.
फर्गसच्या घशाकडे बघताना ते बोंडलं हाताला आठवतं.
तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा आहे.

फेब्रुवारीत एका सोमवारी तो आला नाही.
मंगळवारी मी त्याचा पेला मांडून ठेवला.
बुधवारी परत चळतीत रचला.
तीन दिवस चुकले की देता येत नाही.
शरीर विसरतं.
रविवारचं औषध गुरुवारी विष.

गुरुवारी आला. कोट ओला, नाक वाहतंय,
हातांना हात धरून ठेवलेले.
"नातू बघायला गेलो होतो, पेझलीला.
दारातूनच परत पाठवलं. मग तिकडेच राहिलो."
आज प्यायच्या आधीच बोलून बसला.

मी नाही म्हणाले.
क्लिनिकला फोन लावला, तिकडे नुसतंच वाजत राहिलं.
तो रांगेतून बाजूला झाला,
सर्दीच्या गोळ्यांच्या फळीला टेकून उभा.
भांडला नाही.
भांडला असता तर बरं झालं असतं.

मग मी जे केलं ते कुठल्या वहीत नोंदलेलं नाही.
फोन खांद्याशी धरून माप विसळलं,
नळाचं पाणी घेतलं,
वाकले,
खोलगट तळ पस्तिसाच्या रेघेला टेकेपर्यंत
थेंब थेंब सोडला.
पेल्यात ओतून त्याच्यासमोर ठेवलं.

त्याला कळलंच होतं. रंग कुठे होता.
तरी दोन्ही हातांनी उचलला, प्याला.
घशाची गाठ वर गेली, खाली आली.
मी थांबले, नियमाप्रमाणे.

"माप बरोबर आहे, हेन."

फोनमध्ये कुणीतरी हॅलो म्हणालं.