एक पायरी खाली

केमीत नोव्हेंबर सरताना
उजेड दोन वाजताच आवरतं घेतो.
मी दिवा ओढून टेबलावर आणते, पेटीचा पत्रा काढते
आणि नुसती बघत बसते:
पंख्याच्या पात्यांवर चौदा वर्षांची लव,
तिच्यात मांजराचे केस.
मांजर जाऊन सहा वर्षं झाली.

ब्रश. फुंकर. मग जुनी पेस्ट,
वाळून पापुद्रे धरलेली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसते.
नवी घालायची ती तांदळाच्या दाण्याएवढीच.
जास्त थापली की जास्त गार, असं नसतं;
कागद गिरणीत एकतीस वर्षं वंगण घातलंय मी,
तीन नंबरच्या यंत्राला.
ते यंत्र परदेशी विकलं म्हणतात. भंगारात गेलं, असंही म्हणतात.

मुलगा फोनवर म्हणाला, नवा घे, पैसे पाठवतो.
म्हटलं, याचं काय बिघडलंय?
चार गाभे आहेत, चारही चालतात.
फक्त नदीचे फोटो जोडायला
पाऊण तासाहून जास्त घेतो.
(रोज एक फोटो, याच खिडकीतून, अकरा वर्षं.
बर्फ धरताना, बर्फ फुटताना.
कोणी मागितलेले नाहीत.)

निळ्या पडद्यावर आकडे.
आधी मेमरी सैल सोडायची, म्हणजे तिच्यावर ताण नको,
बाकीच्या वाटांचा वेग जागच्या जागी बांधून टाकायचा
आणि मूळचे सगळे आकडे वहीत, पेन्सिलीने.
मग दोनशे सहासष्टचे दोनशे ऐंशी.
चालू होतो. तापमान बघते. कॉफी.
तीनशे. चालू होतो.
तीनशे वीस.
प्रत्येक वेळी एवढंच, आणि मध्ये थांबणं.
व्होल्टेजला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी,
मिठाला लावतात तसा.

तीनशे तेहतीस.
पंखा घसा खाकरतो आणि लागतो कामाला.
रात्रभर गणितं घालून ठेवते त्याला,
ज्यांची उत्तरं कुणालाच नको असतात असली,
आणि झोपते.

सकाळी पडदा तसाच उजळ, यंत्र जिवंत, अडुसष्ट अंश.
फक्त चौथ्या गाभ्याने
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
एक बेरीज चुकवली होती.

एकच. कोट्यवधींमध्ये.
फोटोत दिसलीही नसती; फार तर
एखाद्या मार्चमधल्या बर्फावर एक ठिपका,
आणि मी म्हटलं असतं, कावळा.

चिमूटभर व्होल्टेज वाढवलं असतं, तर कदाचित सावरला असता.
बोट त्या आकड्यावर गेलंही होतं.

पुर्होनेन साहेबांनी एकदा
मिनिटाला चाळीस मीटर वाढवले होते.
तीन दिवस कागद वाहिला, तलम, न तुटता.
साहेब केक घेऊन आले.
मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावलं, मूठ कानाला:
आत कुणीतरी बारीक खडे चावत होतं.
सांगितलं. ते म्हणाले, रैला, केक खा.
चौथ्या दिवशी जे झालं त्यात
आउलिसची दोन बोटं गेली.
अजून तो हातमोजे जोडीनेच विकत घेतो
आणि डाव्याची दोन बोटं आत दुमडून शिवतो.

बोट उचललं.
तीनशे वीस. वहीत खाडाखोड न करता खाली नवी ओळ.
पुन्हा रात्रभर गणितं. मग आणखी एक रात्र,
कारण दुधाने पोळलेल्या माणसाला
ताकाची लाज वाटत नाही.

शून्य चुका. बासष्ट अंश.

मुलाने विचारलं, किती चढवलास?
सांगितल्यावर हसला. एवढंच?

एवढंच. पन्नास मिनिटांचं काम
आता बेचाळीसमध्ये होतं.
आठ मिनिटं हातात आली आहेत
आणि त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.
सध्या तरी मी पेटीशी कान नेऊन बसते.
आत कुणी काही चावत नाहीये.
बाहेर नदी
कडेकडेने धरायला लागली आहे.