मी सोडून सगळ्यांनी पाहिलीय

थाळनेरात मला येणारी फिट
मी सोडून सगळ्यांनी पाहिलीय.
धाकट्या जावेने पाहिली, कानबाईच्या रोटांचे गहू निवडताना.
गिरणीवाल्याने पाहिली.
एका लग्नात, शेवभाजीचा द्रोण हातात असताना,
दोन गावच्या सोयऱ्यांनी पाहिली.
मला ठाऊक आहे ते अलीकडचं आणि पलीकडचं:
आधी जिभेवर जुन्या नाण्याची चव,
नंतर नाकाशी कुणाची तरी चप्पल,
दातांवर चमच्याचा ओरखडा, ओली साडी,
आणि भोवती गोल उभे असलेले पाय.

मधलं माझं नाही. मधलं गावाचं.

खापर काढून घेतलं, मांडे आता जाऊच करते,
मी लांब बसून पुरण वाटते.
तापीवर जाणं बंद.
न्हाणीला आतून कडी लावायची नाही.
एकोणीस वर्षं दार लोटून आंघोळ करते मी,
मधूनच सासू विचारते, "शे ना वं?"
मी म्हणते, "शे."
शिलाई मशीन तेवढं राहिलं. तेही पायाचं,
मोटार लावू दिली नाही.

गुरुवारी शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात.
खिडकीसमोर एक बाक आहे, त्याचा एक पाय विटांवर.
ओळख कुणी करून दिली नाही,
एकमेकांच्या हातात सारखीच पाकिटं दिसली, झालं.
सुपडू अण्णा, बावीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर;
स्टिअरिंग सुटलं, पण हात अजून मांडीवर
दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे.
जुलेखाबीच्या पिशवीत कायम एक कोरडी सलवार.
आणि रेमसिंग पावरा, बोराडीकडचा, अकरावीत.
बडव्याचा दोरा हातात, डॉक्टरच्या तारखा वहीत,
दोन्ही नीट जपतो.

काय बोलतो आम्ही?
लग्न ठरताना सांगितलं होतं का.
गोळी विसरली तर काय.
रात्रीच्या जागरणाला जाऊ नये,
जायचंच असेल तर दुपारी झोपून घ्यावं.
जुलेखाबीला आधी वेलदोड्याचा वास येतो.
म्हटलं, नशीबवान आहेस बाई, मला नाणं चाटावं लागतं.
दवाखान्यात इतक्या मोठ्याने हसू नये. हसलो.

मागल्या गुरुवारी रेमसिंग बोलता बोलता थांबला.
डोळे पंख्याकडे गेले, मान वळली,
बाक वाजला.
आणि मी पाहिली.

खोटं कशाला बोलू, भ्याले.
पण भूत नव्हतं त्यात. कुणाचं पाप नव्हतं.
एक पोरगं होतं,
कुणी न सांगितलेलं फार कष्टाचं काम
जीव लावून करत असल्यासारखं.

शिपाई कांदा फोडून धावत आला,
अण्णांनी त्याला अडवलं, बस थांबवावी तसा हात करून.
मी चष्मा काढला, कुशीवर वळवलं,
डोक्याखाली माझी ब्लाउजपिसांची पिशवी.
तोंडात काही नाही. कुणी हात धरून ठेवला नाही.
अण्णा मनगटाकडे बघत मोठ्याने सेकंद मोजत होते,
जुलेखाबी लोकांना म्हणाली,
"खिडकीकडे बघा, तुमचा नंबर जाईल."
एक मिनिट चाळीस.

शुद्धीवर आल्यावर त्याने आधी पॅन्टकडे पाहिलं,
मग भोवतीचे पाय शोधले.
पाय नव्हते.
आम्ही तिघं फरशीवर बसलो होतो.

"काय झालं मला?"
हे मला कधी कुणी नीट सांगितलं नव्हतं.
मी सांगितलं,
आधी उजवा हात, मग मान, मग सगळं,
न वाढवता, न गाळता.
त्याने वही पुढे केली, बोटं अजून थरथरत होती.
मी लिहिलं: गुरुवार, पावणेबारा.
खाली माझं नाव, पाहणारी म्हणून.

बाराची गाडी चुकली.
सासू म्हणाली, एवढा उशीर?
म्हटलं, काम होतं.