तळवा

शुक्रवारी दुपारी, गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर
खालचा कुंजुमोन मासळीबाजारातून येऊन आडवा होईस्तोवर
मला एक तास मिळतो.
गिटार उजव्या मांडीवर,
पायाखाली कॉम्प्रेसरच्या खोक्याचा पुठ्ठा.
त्यावर छापलंय : ही बाजू वर.
त्या बाणावर माझा चवडा.

बारा, एक, दोन,
तीन, चार, पाच,
सहा, सात,
आठ, नऊ,
दहा, अकरा,
आणि परत बारा.

गल्लीतल्या भजनात मी शिकलो ती सम एकावर यायची,
यजमानासारखी, सगळ्यांच्या आधी.
इथे ती बारावर येते,
पंगत बसल्यावर, मागच्या दाराने,
आणि तरी सगळे तिच्यासाठीच थांबलेले असतात.

ऑरेलियो शिकवतो. हॉटेलच्या थंड स्वयंपाकघरात
दिवसभर झिंगे सोलतो, त्याची बोटं लिंबाने पांढरी पडलेली.
माझी बोटं तो बघतही नाही.
खाली बघतो, माझ्या मोज्याकडे.
म्हणतो, हबीबी, पाय भाडेकरू नाही, पाय घरमालक.
हाताने भाडं वेळेवर द्यायचं.

पण माझा हात कायम थकबाकीत.
अवघड जागा आली, बोटं अडखळली,
की पाय हवेत थांबतो
समजूतदार माणसासारखा.
म्हणतो, सावकाश ये, मी आहे.
हाच त्याचा गुन्हा.

आणि दुसरा गुन्हा इचलकरंजीचा.
वीस वर्षं मागाच्या भिंतीला डोकं लावून झोपलेला मी,
माझ्या टाचेत अजून
खटक् खटक्, खटक् खटक्,
दोनाचा पाढा.
सोलेआ सुरू करतो, आणि चौथ्या आवर्तनात
पाय गुपचूप कारखान्यात कामाला लागलेला असतो.

आठवडाभर मी छतांवर असतो.
जुलैत शिडीची दांडी हातमोज्यातूनही चावते.
चिलरचा पंखा उघडून बसलो
की लोखंडी टोकाच्या बुटात अंगठा हलत राहतो.
बुटाबाहेर काही ऐकू येत नाही.
राजबहादूर पाना पुढे करत विचारतो, काय मोजतोस?
दिवस?
मी म्हणतो, नाही. बारा.
तो म्हणतो, तेच की. बारा झाले की सुट्टी.

आईला फोन लावला काल.
चाळीस वर्षं कांड्या भरल्या तिने,
कान तिथेच ठेवून आली.
आवाज मोठा केला तरी नुसती हसते.
म्हणून मी फोन खाली, खुर्चीच्या पायाला टेकवला,
तिला गिटार नाही, पाय दाखवला.

बराच वेळ बघत राहिली.
मागे कुकरची शिट्टी झाली, तिला कळलीही नाही.
मग म्हणाली,
दोन लांब हायती, तीन आखूड.
आखडापाशी आलास की घाई करतोस,
तिथं धोटा अडकतोय बघ तुझा.

ऑरेलियोने महिनाभर हेच सांगितलं होतं,
अंदालुसियाच्या हिंदीत.

मी विचारलं, खुणेने, तुला कसं कळलं?
तिने फोन फिरवला,
स्वतःचं पाऊल दाखवलं, भेगांचं, फरशीवर सपाट.
कुठला माग सूत तोडणार
हे तिला कायम इथूनच कळायचं,
मालकाला कळायच्या आधी.

फोन ठेवल्यावर मी मोजा काढला. पुठ्ठा सारला.
फरशी गार होती, आणि गप्प नव्हती :
खाली कुंजुमोनचा पंखा,
त्याच्याखाली लाँड्रीचं यंत्र कपडे पिळतंय,
त्याच्याखाली गल्लीत कुणीतरी गॅसची टाकी गडगडवत नेतंय.
तारांवर हात ठेवला.
वाजवलं नाही लगेच.
दहा,
अकरा