छलो ऐत्रि

रात्री अडीचला,
उद्यमबागेत तिसरी पाळी चालू असताना,
मी अनगोळात पलंगावर उठून बसलो.
छातीच्या मधोमध कुणीतरी पाना लावून
आटे आवळत होतं.
पुतण्यानं रिक्षा काढली. रेल्वे गेट उघडं होतं,
तेवढंच नशीब.

सिव्हिलात छातीवरचे केस भादरले,
गार, चिकट वाट्या लावल्या.
कागद सरसरत बाहेर आला:
डोंगर, दरी, डोंगर, सगळे एका उंचीचे.
रक्त घेतलं. काही तासांनी पुन्हा घेतलं.
तोवर मी भिंतीवरची कानडी पाटी
अक्षर अक्षर लावत पडलो.
उजाडता डॉक्टर हंजी आले.
"हार्ट छलो ऐत्रि. अंजब्याड्रि."
मग मराठीत, "घाबरायचं नाही, मामा."

मला बरं वाटायला हवं होतं.
लाज वाटली.
दारात अर्धी गल्ली शहाळी घेऊन उभी
आणि मी रिक्षातून आपल्या पायांनी उतरलो.
"मग काय झालतं?"
"काय नाही."
काय नाही, आणि श्वास भरून घेतला
की बरगडीत खिळा.

आठ दिवसांनी तोच कागद घेऊन परत गेलो.
"काय नाही तर दुखूलंय कसं?"
हंजी बोलले नाहीत.
एक बोट छातीच्या हाडाशी, डावीकडे,
बरगडी जिथं जुळते तिथं टेकवलं
आणि दाबलं.
मी ओरडलो.
"हे खरं आहे," म्हणाले. "इथली कूर्चा सुजलीय.
साच्याची पेटी एकाच कुशीवर उचलता? किती वर्षं?"
बावीस.
"उपाशीपोटी चहा?"
चार कप.
"आणि भीती कधीपासून?"
मी खिडकीबाहेर बघितलं.

शेक. पेटी दोघांनी उचलायची.
जेवण आठाच्या आत, पलंगाच्या उशाखाली दोन विटा.
कळ आली की श्वास लांब सोडायचा,
घेण्याची घाई नको.
"पण घाम फुटला, दम कोंडला,
दुखणं हातात, जबड्यात चढलं,
तर हे सगळं विसरायचं, माझं बोटसुद्धा.
सरळ यायचं.
दहादा खोटं ठरलं तरी अकराव्यांदा यायचं."

भीती भरमापासून.
शेजारच्या साच्यावरचा भरमा.
फेब्रुवारीत, जेवणाच्या सुट्टीत, छाती चोळत
म्हणाला, गॅस धरलाय.
लिंबू सोडा प्यायला, दुसरा मागवला.
दुसऱ्याची गोळी मीच फोडून दिली होती.
त्यानं मरणाला गॅस म्हटलं.
मी गॅसला मरण.

चार महिने कंग्राळीला गेलो नव्हतो.
काल गेलो.
शेवंतावहिनी म्हणाली, "छातीचं कसं हाय, भावजी?
कानावर आलतं."
नॉर्मल हा शब्द त्या घरात उच्चारवेना.
मी अंगठ्यानं जागा दाबून दाखवली.
"इथं दुखतंय. हाडाचं हाय.
उपाशीपोटी चहा बंद सांगितलाय."
ती बराच वेळ त्या अंगठ्याकडं बघत राहिली.
मग आत गेली. कपबशी वाजली,
थांबली.
बाहेर आली ती ताटलीत अर्धी भाकरी
आणि दोडक्याची भाजी घेऊन.
"आधी हे खावा," म्हणाली.
"चहा मागनं."