सामू चार पूर्णांक आठ

देवलापारच्या पलीकडून आली ती माती,
खताच्या जुन्या पोत्यात, एसटीच्या मागच्या सीटखाली.
सुकलाल उईकेनं दारात उतरवली
आणि हात न झटकताच म्हणाला,
"या मातीत त तूरबी तोंड वाकडं करते, मॅडम.
भुईनिंब मात्र राह्यते."

मी वहीत लिहिलं :
सामू ४.८. स्फुरद जवळजवळ नाही.

डावीकडे आपली नागपूरची काळी,
एप्रिलात हातभर भेगाळणारी, पण घरची खाऊनपिऊन सुखी.
उजवीकडे ही तांबडी.
चाळीस कुंड्या, आणि चाळीस.

डावीकडची रोपं आडवीतिडवी फोफावली.
उजवीकडची वीतभर,
पानांच्या कडा जांभळ्या,
थंडीत पोरांचे ओठ होतात तशा.

उपटून पाहिलं एक.
मुळांची टोकं बोथट,
कुणी पेन्सिल फरशीवर घासावी तशी.
आंबट मातीत अ‍ॅल्युमिनिअम सुटं होतं म्हणतात,
माझ्या जेवणाच्या डब्याचाच धातू,
आणि कोवळ्या टोकाला धरून बसतं.

मुळाला पळता येत नाही.
ते आपल्यातलंच थोडं आंबट बाहेर सोडतं,
काटोलच्या संत्र्यात असतं, तेच आम्ल,
आणि धातूला त्यात गुंतवून ठेवतं.
आंबटावर आंबट.
मला हे पुस्तकात वाचूनही खरं वाटत नव्हतं,
संत्रं सोलताना वाटलं.

ज्या दिवशी मारबत निघाली
सगळं डिपार्टमेंट महालात गेलं.
"घेऊन जा गे मारबत" असं ओरडायला.
मी एकटी पाणी घालत होते.
उजवीकडची अकरावी कुंडी त्या दिवशी गेली.

दिवाळीनंतर कापणी.
कडूपणा मोजायचं यंत्र तीन आठवडे बंद,
माणूस पुण्याहून यायचा, येतच नव्हता.
सुकलालनं डावीकडचं पान चावलं. "हं."
उजवीकडचं चावलं,
डोळे मिटले, मान झटकली,
भिंतीकडे तोंड करून थुंकला आणि हसला.
"हे औषध. ते भाजी."

मीही चावलं.
दुपारचा चहा, संध्याकाळची पोळी,
सीताबर्डीच्या सिग्नलवर गिळलेला आवंढा,
सगळं त्याच चवीचं.

अहवालात मी लिहीन
की ताणाखाली रोप कडू होतं, गुणकारी होतं.
तक्ता एकोणतीस रोपांचा असेल.
सर म्हणतील, छान निष्कर्ष आहे.
अकरांसाठी तळटीप आहे,
लहान अक्षरात.
त्यांनीही सोडलं असेल आपल्यातलं आंबट,
पुरलं नसेल.

निघताना सुकलालनं पोतं परत मागितलं.
मेलेल्या कुंड्या एकेक करून
त्यात उपड्या केल्या, ढेकळं हातानं फोडली.
"कुठं नेता?" मी विचारलं.
"घरी," तो म्हणाला.
"तिच्यात काही उगवते, काही नाही उगवत.
पण माती आमची हाय."